उत्पादन खर्चात दमाचा हिशेब कुठे आहे?



गेल्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलायला एक कार्यकर्ता उभा राहिला. जुना माणूस. रास्ता रोकोत, रेल रोकोत पुढे असणारा; ज्याच्या आवाजाला कधी माइक लागला नाही असा. चार वाक्ये बोलला आणि पाचव्या वाक्याच्या मध्येच थांबला. सभेला वाटले, कंठ दाटून आला. तसे काही नव्हते. त्याला दम लागला होता. खुर्चीची पाठ धरून तो मिनिटभर उभा राहिला, "पुढचे तुम्ही बोला" म्हणाला आणि खाली बसला. चहाच्या वेळी विचारले तेव्हा कळले, २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याला कोरोना झाला होता, बारा दिवस ऑक्सिजनवर होता आणि तेव्हापासून छाती पहिल्यासारखी भरत नाही. डॉक्टर म्हणतात, फोटो साफ आहे. घरचे म्हणतात, वय झाले. तो म्हणतो, पऱ्हाटीत दोन पाती निंदून झाल्या की धुऱ्यावर बसावे लागते.

चहाचे कप हातात असतानाच आणखी तिघांनी तेच सांगितले. एकाला कोरोना झालाच नव्हता. मागच्या हिवाळ्यातल्या साध्या व्हायरल तापाने त्याची ही गत केली होती. त्यात एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं हे फक्त मलाच होतं. सांगायची लाज वाटत होती."

ही लाज कशाची, यावर मी लिहायला बसलो आहे.

मला माहीत आहे, आपल्यातले काही जण लगेच म्हणतील की हा विषय संघटनेचा नाही. आपला कार्यक्रम एक कलमी. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला की बाकीचे प्रश्न शेतकरी आपले आपण सोडवील. हे मला मान्य आहे. तीच भाषा बोलत माझे केस पांढरे झाले. पण मग उत्पादन खर्चाचीच गोष्ट बोलू. कृषिमूल्य आयोग खर्च काढतो तेव्हा बी, खत, औषध, बैलजोडी धरतो आणि घरच्या माणसांची मजुरीही दिवसाच्या हिशेबाने धरतो. त्या मजुरीत धडधाकट माणसाचा दिवस गृहीत असतो. जो माणूस चार दिवसांत निंदण आटोपायचा त्याला आज सहा दिवस लागतात किंवा दोन बाया रोजाने लावाव्या लागतात. वेचणीला रोज चाळीस किलो कापूस ओटीत भरणारी बाई वीसवर आली आणि वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला, तर तिचे दिवसाचे दोनशे रुपये गेले. तीस दिवसांच्या वेचणीत सहा हजार. हा तोटा कोणत्या रकान्यात लिहिला जातो? कुठल्याच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडे विहीर नसते, ट्रॅक्टर नसतो, बँकेत शिल्लक नसते. त्याचे पहिले भांडवल म्हणजे त्याच्या छातीतला दम. ते भांडवल घटले आणि कोणी त्याची नोंदसुद्धा केली नाही.

म्हणून घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता, हा दम काही अंशी परत कसा मिळवता येतो, ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे असे माझे मत आहे. 'काही अंशी' हे शब्द मी मुद्दाम लिहितो. ज्याच्या फुप्फुसात जखमेचे व्रण राहिले त्याचे व्रण श्वासाच्या व्यायामाने पुसले जात नाहीत. तसे सांगणारा माणूस औषध विकायला आलेला आहे असे समजावे.

पाइपातले पाणी

फोटो साफ आहे, मग दम का लागतो? याचे उत्तर डॉक्टरांनी नीट दिले असते तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

माणूस तीन आठवडे अंथरुणाला खिळला की मांड्या-पिंढऱ्यांचे मांस झडते, हे आपण डोळ्यांनी बघतो. श्वास ओढणारेही स्नायूच आहेत, तेही झडतात. त्यांतला मोठा स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला पडदा. तो खाली सरकला की छातीत जागा होते, हवा आत येते आणि पोट पुढे येते. तान्ह्या लेकराला झोपेत बघा, त्याचे पोट वरखाली होत असते. आजारात ताप, खोकला आणि भीती यांमुळे माणूस हा पडदा वापरायचे सोडतो आणि खांदे, मान, छातीचा वरचा भाग यांच्या जोरावर भराभर उथळ श्वास घेऊ लागतो. आजार जातो, पण ही सवय राहून जाते.

या सवयीचा तोटा हिशेबाने दाखवतो. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळ्या यांतच राहते. फुप्फुसाच्या ज्या बारीक फुग्यांत रक्ताला प्राणवायू मिळतो तिथपर्यंत ती पोचतच नाही. मोटार सुरू केल्यावर आधी पाइप भरावा लागतो आणि मग शेतात पाणी पडते, तसेच हे. आता मिनिटाला १२ श्वास ५०० चे घेतले तर एकूण हवा ६ लिटर. पाइपात गेली १.८ लिटर, शेतात पडली ४.२ लिटर. तोच माणूस भेदरून मिनिटाला २४ श्वास २५० चे घेऊ लागला तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण पाइपात गेली ३.६ आणि शेतात पडली फक्त २.४. मेहनत दुप्पट झाली आणि पीक निम्म्याच्या जरासे वर आले. आपल्या शेतीचा धंदा ज्याला कळतो त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणजे उपाय जास्त श्वास ओढण्यात नाही. श्वास सावकाश करण्यात आणि पूर्ण सोडण्यात आहे. दम लागलेला माणूस आत ओढत राहतो. आधीची हवा बाहेर गेली नाही तर नवी शिरणार कुठे?

करायचे ते

पहिली गोष्ट, बसायचे कसे. दम लागला की आडवे पडू नका. बाजेवर किंवा ओट्यावर बसा, पुढे झुका, कोपरे मांडीवर टेका, मान सैल सोडा. शेतात असाल तर बैलगाडीच्या कठड्यावर हात टेकून पुढे वाका, नाहीतर लिंबाच्या झाडाला पाठ लावून पाय फूटभर पुढे घ्या आणि खांदे पाडा. हातांना टेका मिळाला की खांद्याचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात आणि पोटाच्या पडद्यालाही जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२० साली कोरोनातून उठलेल्या रुग्णांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात अशाच बसण्या-उभे राहण्याच्या तऱ्हा दाखवल्या आहेत. आपले म्हातारे गडी ओझे उतरवल्यावर गुडघ्यावर हात टेकून वाकून उभे राहत, ते कोणत्या पुस्तिकेत वाचून नव्हे.

दुसरी, फुंकर. नाकाने हळू श्वास घ्या, मनात एक-दोन मोजा. मग बशीतला चहा निववतो तसे ओठ करून एक-दोन-तीन-चार मोजत सोडा. चुलीत फुंकणीने मारतो तशी जोराची फुंकर नको. समोर दिवा ठेवला तर ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. ओठ आवळून सोडल्याने बारीक श्वासनळ्या मिटून न जाता उघड्या राहतात आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. चार अंक जमत नसतील तर तीन मोजा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, एवढे सांभाळले की झाले.

तिसरी, पोटाचा श्वास. ही रोज करायची. सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना उताणे पडा, गुडघे वर घ्या, एक हात छातीवर, एक बेंबीवर. श्वास घेताना बेंबीवरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. पहिले आठ दिवस हे जमत नाही, उलटेच होते. माझेही झाले, आठवडाभर बेंबीवरचा हात काही हलेना आणि घरातल्या नातवंडांची करमणूक झाली. पाच मिनिटे पुरे. दिवसातून दोनदा, तीनदा. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर समजा की जोर जास्त होतो आहे. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या.

आणि चौथी, जी मला सगळ्यांत कामाची वाटते, ती म्हणजे काम करता करता श्वास सोडणे. बाजार समितीतला हमाल बघा. पोते पाठीवर घेताना त्याच्या तोंडातून 'हं' निघतो. तो श्वास रोखून पोते उचलत नाही, सोडत उचलतो. आपण नेमके उलटे करतो. कडब्याची पेंढी उचलताना, पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना श्वास कोंडून धरतो आणि मग धापा टाकतो. जोर लावायच्या आधी श्वास घ्या आणि जोर लावताना सोडा. वाकताना सोडा, उठताना सोडा. चढावर दोन पावलांत श्वास घ्या, चार पावलांत सोडा.

याच्या जोडीला काम तोडून करायला शिकावे लागते. शून्य ते दहा असे माप मनात धरा. शून्य म्हणजे दम मुळीच नाही, दहा म्हणजे जीव जातो असे वाटणे. तीन-चारच्या वर जाऊ द्यायचे नाही. शेजारच्या पातीतल्या गड्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम चालतो. बोलणेच तुटू लागले तर थांबा. पात संपवून बसू असे म्हणू नका, पातीच्या मध्येच बसा. आज दहा मिनिटे चाललात आणि उद्या त्रास झाला नाही तर दोन-चार दिवसांनी बारा मिनिटे चाला.

मात्र काही लोकांचे शरीर वेगळे वागते. आज जरा जास्त काम झाले की त्या वेळी काही होत नाही. उद्या-परवा ते गळून पडतात, अंग मोडून येते, डोके चालत नाही. अशा माणसाने नेटाने व्यायाम वाढवला तर तो सुधारत नाही, बिघडतो. त्याने काम आणि चालणे दोन्ही कमी करून, ज्याने दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही तेवढ्यावर थांबले पाहिजे. आणि घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये. आपल्या समाजात आजारी पडायची मुभा खाटेवर असेपर्यंतच असते. उठून चार पावले टाकली की 'झाला बरा, चल वावरात.'

बायांच्या बाबतीत तर तीही मुभा नाही. १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनात लाखो बाया जमल्या आणि बाईच्या कामाचा हिशेब मागितला गेला. तो हिशेब अजून चुकता झालेला नाही. बाई निंदते, वेचते, पाणी भरते, चुलीच्या धुरात दोन वेळा भाकरी थापते आणि तिला दम लागतो म्हटले की उत्तर मिळते, 'बाईमाणसाला होतंच असं.' चुलीचा धूर आणि नवऱ्याची बिडी ही दोन्ही तिच्या छातीत जातात. त्यातली निदान बिडी तरी आपण आजच्या आज बंद करू शकतो, त्याला सरकारी अनुदान लागत नाही.

फुगे, गोळे आणि इंजेक्शने

कोरोनाच्या काळात तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे यंत्र घरोघर गेले. नळीतून श्वास ओढला की गोळे वर उडतात. पुष्कळांनी त्याची शर्यत केली. 'मी तिन्ही उडवतो!' झटक्याने ओढून गोळे उडतात, पण फुप्फुस सावकाश भरण्याचा जो हेतू तो तसाच राहतो. यंत्र घरात असेल तर वापरा, हळू वापरा. नसेल तर विकत घेऊ नका.

प्राणायामाबद्दलही स्पष्ट लिहितो. सावकाश, न कोंडता, दोन्ही नाकपुड्यांनी आलटून पालटून केलेला श्वास कोणाला मानवत असेल तर त्याने जरूर करावा. तत्त्व तेच आहे. पण शिबिरात शंभर जणांना एकदम बसवून जोरजोराने पोट हापसायला लावणे किंवा श्वास कोंडून धरायला सांगणे, हे दम लागणाऱ्या माणसाला अपायाचे होऊ शकते. ज्याची अडचणच भराभर श्वासाची आहे त्याला आणखी भराभर श्वास घ्यायला लावणे हा कोणता न्याय? अशा वेळी लाजू नका, उठून बाहेर या.

आणि तालुक्याच्या गावी 'ताकदीची सलाईन' लावून घेणारे तर आपण सगळेच आहोत. मीही लावून घेतली आहे, दोनदा. पैसे गेले, ताकद आली नाही. त्याहून वाईट म्हणजे दम लागतो म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. २०२१ मध्ये स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या जोडीने काळ्या बुरशीचा आजार कसा पसरला, डोळे कसे गेले, ते आपण पाहिले आहे. ते औषध डॉक्टरच्या हातचे आहे, दुकानदाराच्या हातचे नव्हे.

याच्या उलट एक गोष्ट लंडनची सांगतो. तिथल्या इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संगीत नाटकाच्या मंडळीने एका रुग्णालय संस्थेच्या मदतीने कोरोनानंतर दम लागणाऱ्यांना गाणे शिकवले. गाणी कोणती, तर अंगाईगीते. सोपी, लांब सुराची. सहा आठवडे. १५० लोकांचे दोन गट करून ते तपासले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. गाणाऱ्यांचे मन सावरले आणि दमाचा त्रासही एका मापावर कमी दिसला. चमत्कार नव्हे, पण उपयोग. कारण उघड आहे. गाताना माणूस झटकन श्वास घेतो आणि लांबवर, सावकाश सोडतो. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणत तेव्हा त्या हेच करीत होत्या. जाते गेले, पिठाची गिरणी आली, ते बरेच झाले. बाईचे हात सुटले. पण ओवी म्हणायला जाते लागत नाही. ज्या बाईला मोजून श्वास सोडणे जमत नाही तिने ओवी म्हणावी, बुवाने अभंग म्हणावा.

२०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या दुसऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. रुग्णालयातून घरी गेलेले आणि त्यानंतरही त्रास चालू असलेले ५८५ लोक, आठ आठवडे, घरी बसून, पण शिकवणारा माणूस रोजच्या भाषेत बोलणारा आणि चुकले तर सांगणारा. त्यांचे जगणे इतरांपेक्षा सुधारले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की व्यायाम घरीच होता, पण माणूस एकटा नव्हता.

घरी बसून चालणार नाही ते

आता इशारा, आणि तो वाचल्याशिवाय वरचे काही करू नका. प्रत्येक दम व्हायरल तापाचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळचा ताप येत असेल, वजन उतरत असेल तर तो क्षय असू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात, औषध फुकट मिळते आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये देण्याची योजना आहे. बाई फिकट दिसत असेल, जीभ आणि पापणी आतून पांढरी असेल तर आधी रक्त तपासा. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे. तिथे फुंकरीने भागणार नाही. दोन्ही पाय सुजतात, आडवे पडले की गुदमरते आणि उशा रचून झोपावे लागते, तर हृदय तपासा. जिनिंगमध्ये किंवा मळणीच्या धुळीत कामाला गेल्यावर छाती आवळते आणि सुटीच्या दिवशी मोकळी होते, तर दोष धुळीचा आहे.

आणि बसल्या जागी दम लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ-नखे निळसर होणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, एकच पाय सुजून दुखणे, भान हरपणे, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली जाणे, यांतले एकही दिसले तर व्यायाम नाही, काढा नाही. १०८ ला फोन करा.

फवारणीचेही इथेच सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ज्याला आधीच दम लागतो तो सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन तोंडाने धापा टाकत माणसाएवढ्या पऱ्हाटीत शिरतो आणि गुदमरते म्हणून तोंडावरचे फडके काढून टाकतो. अशा माणसाने त्या हंगामात पंप उचलू नये. घरात दुसरा कोणी नसेल तर सावड करा, त्याच्या बदल्यात त्याने दुसऱ्याच्या बैलांची वैरण-पाण्याची व्यवस्था बघावी.

सरकारचे काय? २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत सरकारने आशाताईंना बोटाचे यंत्र देऊन घरोघर पाठवले होते. नाव अगदी योग्य होते. पुढे जबाबदारी खरोखरच कुटुंबावर टाकून सरकार मोकळे झाले. २०२१ च्या निर्णयाने मेलेल्याच्या वारसाला पन्नास हजार रुपये सानुग्रह मिळाले. जो जगला पण ज्याचा दम गेला, त्याचे नाव कुठल्या यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या ऑक्टोबरातच या अवस्थेची व्याख्या केली: आजार लागल्यापासून तीन महिन्यांनीही असलेला, निदान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या कारणाने न उलगडणारा त्रास. व्याख्या झाली, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासाचे व्यायाम शिकवणारा माणूस शोधून सापडत नाही. फिजिओथेरपिस्टला भेटायचे तर जिल्ह्याला जा, एक दिवस मोडा, बसभाडे द्या, आणि तो शिकवणार काय? वर लिहिले तेच.

आपण भीक मागत नाही आणि मागणारही नाही. पण आशाताई घरी येतेच, यंत्र तिच्याजवळ होतेच. तिला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्या ही मागणी भिकेची नाही, आपण भरलेल्या कराच्या बदल्यातली आहे. ती ठरावात घ्यावी असे मी सुचवतो. आणि ती मान्य होईपर्यंत थांबू नये असेही सुचवतो.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या जिल्हा बैठकीत भावाच्या ठरावाआधी अर्धा तास काढावा. ज्यांना दम लागतो त्यांनी मागे न बसता पुढे सतरंजीवर बसावे, बाया आधी. गावातल्या आशाताईला किंवा ओळखीच्या डॉक्टरला बरोबर आणता आले तर आणावे. पोटावर हात, बशीतल्या चहाची फुंकर, ओझे उचलतानाचा श्वास, एवढे तिथे करून बघू. मग प्रत्येक तालुक्यातून आलेल्याने आपल्या गावी दोघांना शिकवावे आणि सहा आठवड्यांनी त्यांना विचारावे की किती पाती न बसता निंदल्या. तो आकडा वहीत लिहून आणावा. आणि २०२१ साली घाबरून घेतलेले बोटाचे यंत्र पुष्कळांच्या घरी कपाटात पडलेले असेल. त्यात नवे सेल घालून तेही येताना घेऊन यावे.